बिडीची सुट्टी

बिडी कशी सोडली असं कुणी विचारलं की मला आधी कंटाळा येतो. विचारणाऱ्याला एखादी गोळी, एखादा काढा, एखादी युक्ती हवी असते. युक्ती होती. पण ती माझी नव्हती, आणि तिची आठवण निघाली की अजून मला माझाच राग येतो. तेव्हा एकदाच काय ते सांगून टाकतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी बायकोला घेऊन माणदेशातून इकडं आलो आणि चिंचवड स्टेशनजवळ एक पत्र्याची खोली घेतली. चौफेर बाजरीची रानं, खाली पवना, पलीकडं पिंपरीत निर्वासितांच्या बराकी, आणि त्या रानातच रंगांचा एक कारखाना उभा राहत होता. त्याच्या बांधकामावर मला काम लागलं. काम काय, तर खडी, वाळू, सिमेंट फावड्यानं कालवून माल करायचा आणि घमेली भरभरून बांबूच्या परांचीवर चढवायची. सकाळी आठाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद, मधे भाकरीपुरता तास. बाकी बसायचं नाव नाही.

बसलेला गडी दिसला की आमचा मुकादम अंगावर धावून यायचा. पण तो स्वतः पक्का बिडीबाज. तलफ काय चीज असते हे त्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणून दिवसातून चार वेळा, सकाळी दोनदा आणि दुपारी दोनदा, तो "बिडी" अशी हाळी द्यायचा आणि ओढणारे सगळे जागच्या जागी बूड टेकायचे. हिला आम्ही बिडीची सुट्टी म्हणायचो. ती कुठं लिहिलेली नव्हती, आणि न ओढणाऱ्याला ती नव्हतीच. तुला बिडी नाही ना, मग तू कशाला बसतोस, जा, स्लॅबवर पाणी मार. आमच्यात एक माळकरी म्हातारा होता. कसल्याही व्यसनाला न शिवणारा. त्यानं वर्षभर चारही सुट्ट्यांना बादल्या वाहून पाणी मारलं. त्याच्या पुण्याईचं पुढं काय झालं ते देव जाणे, कंबर मात्र गेली.

मी गावाकडं बिडी कधी तोंडाला लावली नव्हती. पहिले दोन दिवस मीही पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, तेव्हा शेजारच्या गड्यापुढं मुकाट्यानं हात केला. त्यानं बिडी दिली, मी ती कशीबशी पेटवली, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी काढलं, पण बसलो. खरं सांगायचं तर मला बिडीचं व्यसन नव्हतंच, बसण्याचं होतं. पण हे बिडीला कोण समजावणार? चाराच्या दहा झाल्या, दहाच्या वीस झाल्या. दोन वर्षांत अशी गत झाली की सकाळी उठून आधी खोकायचं, मग बिडी ओढायची, तेव्हा कुठं परसाकडं जायचं. पोटसुद्धा तिच्याशिवाय हलेना.

ज्याच्यापुढं पहिल्यांदा हात केला तो गडी चिखलीचा. पुढं तोच माझा जोडीदार झाला, म्हणजे एका ढिगावर आम्ही दोघं समोरासमोर फावडी मारायचो. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, रेड्यासारखी छाती, चार भावांत दोन एकर रान. रोज चिखलीहून चालत यायचा आणि चालत जायचा. मी परमुलखातला म्हणून मला पाव्हण्या म्हणायचा, मी त्याला दादा म्हणायचो. बारा वर्षांचा असल्यापासून बिडी ओढत होता आणि त्याला कधी साधी शिंक आलेली मी पाहिली नाही. मला खोकताना बघून म्हणायचा, तुमच्या दुष्काळी मुलखाची छातीच कच्ची. मीही ऐकून घ्यायचो, कारण वर चढवायचं जड घमेलं तो नेहमी स्वतःकडं ओढायचा.

मग कारखान्याची बातमी आली. बांधकाम संपत आलं की आमच्यातलेच धट्टेकट्टे गडी आत कायम घेणार. कायम हा शब्द त्या वेळी आमच्या कानाला काय लागायचा ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. कायम म्हणजे पावसाळ्यात घरी बसणं नाही, मुकादमाच्या शिव्या नाहीत, आणि सगळ्यात मोठं म्हणजे भोंगा झाला की बसायचं. बिडी असो वा नसो, सगळ्यांनी बसायचं. फक्त एक अट होती. रंगाच्या कामात वाफा फार, म्हणून छाती साफ पाहिजे. आणि आत काडी ओढायला सक्त मनाई, म्हणून बिडीवाला नको.

तपासणी तुकडी-तुकडीनं होती. माझी पाळी आधी आली, जोडीदाराची दीड महिन्यानं होती. डॉक्टर पुण्याचे, बोलायला सौम्य. त्यांनी पाठीला नळी लावली, श्वास घ्यायला सांगितला, आणि विचारलं बिडी किती. मी दोन म्हणालो. त्यांनी माझा हात उचलून पिवळी पडलेली बोटं मलाच दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, तुमची छाती अजून गेलेली नाही, महिनाभर बिडी बंद ठेवा आणि परत या, मग बघू. आणि जाता जाता चार गोष्टी सांगितल्या. हळूहळू कमी करतो म्हणू नका, उद्या सकाळपासून एकदम बंद. घरात बिडीचा कट्टा आणि काडेपेटी ठेवू नका. तलफ आली की घोट घोट पाणी प्या, तोंडात लवंग धरा, जागा सोडून चार पावलं चाला.

"तलफ वाढत वाढत जाईल असं वाटतं, पण ती तशी वाढत नाही," ते म्हणाले. "थोडा वेळ थांबलात की ती आपली आपण निघून जाते. आणि कुणातरी एकाला हे सांगून ठेवा. एकट्यानं सुटायला अवघड जातं."

मी बायकोला सांगितलं. तिनं घरातला कट्टा त्याच पावली चुलीत घातला आणि पदराच्या गाठीत लवंगा बांधून ठेवल्या. पहिले आठ दिवस मी माणसात नव्हतो. डोकं ठणकायचं, हाताला कंप, जेवणावर वासना नाही. एकदा तर भाजीत मीठ कमी म्हणून ताटली भिरकावली. तिनं ती उचलली, धुतली, आणि म्हणाली की बिडी होती तेव्हा तुम्हाला मिठाचा पत्ता तरी लागत होता का. तू आधी मिश्री सोड, मग मला शिकव, असं मी खेकसलो. तिनं मिश्रीची डबी माझ्या देखत दाराबाहेर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको तीच डबी शोधताना मला दिसली ते सोडा, पण त्या क्षणी तिनं टाकली होती.

घरी हे असं निभत होतं. कामावर काय करायचं? बिडी सोडली असं मुकादमाला कळलं की संपलं, चारही सुट्ट्या गेल्या, बादली हातात आली. त्या दिवसांत अंगात त्राण नव्हतं, बसायला मिळालं नसतं तर मी तिसऱ्याच दिवशी पुन्हा पेटवली असती. म्हणून मी न पेटवलेली बिडी ओठांत धरून सिमेंटच्या पोत्यांआड बसायला लागलो. जोडीदाराला सांगायची मला लाज वाटली. छाती कच्ची म्हणून हा आधीच चिडवतो, आता डॉक्टरनंही तेच सांगितलं हे कोणत्या तोंडानं सांगू?

कामावर आमची एक रीत होती. काडी एक, बिड्या दोन. वाऱ्यावर काडी टिकत नाही म्हणून एकानं ओंजळीत धरायची, आधी दुसऱ्याची पेटवायची, मग आपली. पहिले दोन दिवस काही ना काही निमित्त काढून मी सटकलो. तिसऱ्या दिवशी त्यानं काडी थेट माझ्या ओठांपाशी आणली. मी श्वास रोखून धरला. झुरका घेतल्याशिवाय बिडी पेटते होय? काडी जळत जळत त्याच्या बोटांपर्यंत गेली, चटका बसला, आणि त्यानं ती खाली टाकली. त्याच्या गावाकडं एखाद्याची काडी घ्यायची नाही, चिलीम घ्यायची नाही, म्हणजे त्याच्याशी संबंध तोडला असाच अर्थ होतो.

"माझ्या काडीचा इटाळ झाला का रं, पाव्हण्या?" त्यानं विचारलं.

त्या काळात हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, डॉक्टर, बोटं, महिनाभराची मुदत, सगळं. तो आधी हसला, पोटभर हसला. मग त्यानं माझ्या ओठांतली बिडी काढून घेतली, स्वतःच्या बिडीबरोबर पेटवली आणि दोन्ही आलटून पालटून ओढू लागला. मुकादम वळला की पेटती बिडी माझ्या बोटांत द्यायचा, मुकादमाची पाठ फिरली की परत घ्यायचा. धूर दोघांचा, ओढणारा एक. तुझी छाती कच्ची, माझी कुठं कच्ची हाय, असं म्हणाला.

महिनाभर हेच चाललं. दिवसाला चार वेळा, माझ्या वाटणीच्या सगळ्या बिड्या त्यानं ओढल्या. मी बसून राहिलो. मला वाटलं, त्याला फुकटची बिडी मिळते, मला बसायला मिळतं, कुणाचं काय गेलं? मला तेव्हा इतकंच सुचलं, आणि याचीच मला आज लाज वाटते.

इकडं माझ्यात फरक पडत गेला. दहा-बारा दिवसांनी सकाळचा खोकला कमी झाला. मग एके दिवशी बायकोनं ठेचा केला आणि त्यातला लसूण मला वेगळा लागला, जिरं वेगळं लागलं. दोन वर्षं मी नुसतं तिखट खात होतो, चव नव्हतीच. घमेलं घेऊन परांचीच्या शेवटच्या फळीपर्यंत एका दमात चढलो आणि वर जाऊन मलाच नवल वाटलं. पोटही आपणहून हलायला लागलं. महिना भरला, डॉक्टरांनी नळी लावली, मान हलवली, आणि मी कायम झालो. दुसरी पाळी मिळाली, दुपारी तीनला आत जायचं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी जोडीदाराची तपासणी झाली. मी कामावर जाताना तो फाटकाबाहेर दगडावर बसलेला दिसला. मला वाटलं, पेढेच मागायचे आता. त्यानं मान वर केली नाही. डॉक्टरांनी त्यालाही तेच सांगितलं होतं. छातीत घरघर आहे, महिनाभर बिडी बंद ठेवा, परत या.

मला ब्रह्मांड आठवलं. मी तसाच डॉक्टरांकडं गेलो आणि माझ्या बिड्या त्यानं ओढल्या हे कबूल केलं. ते म्हणाले, एका महिन्यानं असं होत नाही, ही वीस-पंचवीस वर्षांची कमाई आहे. डोक्याला पटलं. मनाला आजतागायत पटलेलं नाही. तो महिनाभर निम्म्यावर राहिला असता तर? मी त्याच्या हातून माझी बिडी हिसकावून घेऊन फेकली असती तर? मी काय केलं, तर बसलो.

त्यानं सोडायचं ठरवलं. मनाचा घट्ट गडी, घरातली बिडी त्याच दिवशी बंद केली. पण कामावर जमेना. न पेटवलेली बिडी धरून बसायचं माझं सोंग त्यानंही करून पाहिलं. ते त्याला साधेना. हातात आली की तोंडात जायची, तोंडात आली की पेटायची, पंचवीस वर्षांची सवय ती. आणि बिडी हातात धरली नाही तर मुकादम बादली देणार. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी तो फाटकापाशी येऊन उभा राहिला. भोंगा झाला होता, आम्ही बसलो होतो. मी उठून बाहेर गेलो.

"मला एक सांग," तो म्हणाला. "पयलं आठ दिस तू कसं काढलंस?"

मी लवंगा सांगितल्या, पाणी सांगितलं, चार पावलं चालायचं सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि मला माझीच शरम वाटत होती. पहिले आठ दिवस मी काढलेच नव्हते. माझ्या तोंडातली बिडी रोज दुसऱ्या कुणीतरी काढून नेली होती, आणि तो माणूस आता मला वाट विचारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी बांधकामावर गेलो. माझी पाळी तीनची, सकाळ मोकळीच होती. मुकादमानं बिडीची हाळी दिली, सगळे बसले, आणि मी जोडीदाराच्या वाटणीची बादली उचलून स्लॅबवर पाणी मारायला लागलो. गडी हसायला लागले, कायम झालेला माणूस फुकट पाणी मारतोय म्हणून. मुकादम आला. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग रिकाम्या हातानं बसलेल्या जोडीदाराकडं. हा बिडीशिवाय का बसलाय, असं त्यानं विचारलं.

"त्याची बिडी माझ्या अंगावर आहे," मी म्हणालो. "तेवढी फिटू द्या."

फुकटचा गडी कोण नाकारतो? मुकादम खांदे उडवून निघून गेला. जोडीदार बसला खरा, पण हातांचं काय करावं ते त्याला कळेना. कधी मांडीवर ठेवायचा, कधी मातीत रेघा मारायचा. मी रोज सकाळच्या दोन सुट्ट्यांना पाणी मारायचो, दुपारच्या दोन्हींना तो स्वतः मारायचा, कारण त्या वेळी मी पाळीवर असायचो. तीन आठवडे हे केलं. सकाळी तिकडं बादल्या, दुपारपासून कारखाना. मी इतका दमायचो की भाकरीचा घास हातात धरून पेंगायचो. बायको म्हणायची, हे काय आरंभलंय. पण त्या तीन आठवड्यांत त्यानं एक बिडी ओढली नाही, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. चिखलीहून येताना आता वाटेत थांबावं लागत नाही, असं त्यानं एकदा सांगितलं. तोवर तो वाटेत थांबायचा हेच मला माहीत नव्हतं.

महिना भरला. डॉक्टरांनी त्याची छाती तपासली आणि साफ आहे म्हणून सांगितलं. जोडीदार डॉक्टरांचा कागद घेऊन कचेरीत गेला, मी बाहेर थांबलो. तिथल्या कारकुनानं कागद पाहिला आणि जागा भरल्या असं सांगितलं. आठवड्यापूर्वीच भरल्या होत्या. पुढं कधी निघाल्या तर बघू.

तो बाहेर आला आणि त्यानं मला हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला मात्र राहवलं नाही. मी कारकुनाच्या नावानं, मुकादमाच्या नावानं, स्वतःच्या नावानं वाटेल ते बोललो. डोळ्यांत पाणी आलं. फाटकापाशी एक वयस्क गाडीवान बैल सोडून बसला होता. त्याला काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी बिनसलंय हे दिसलं असावं. त्यानं कट्टा पुढं केला आणि घ्या रं पोरांनो, जरा बरं वाटंल, असं म्हणाला. मी जोडीदाराकडं पाहिलं. आता नोकरी गेली होती, डॉक्टर परत नळी लावणार नव्हता, अडवायला कुणी नव्हतं. आज त्यानं ओढली असती तरी मी एक शब्द बोललो नसतो.

त्यानं गाडीवानाला हात जोडले. म्हणाला, "सोडली, बाबा."

मग आम्ही चिखलीच्या वाटेला लागलो. वाटेत मी त्याला विचारलं की आता कुणासाठी सोडायची, नोकरी तर मिळाली नाही.

"नोकरीसाठी सोडली असती, तर आज पेटवली असती," तो म्हणाला. "तू माझ्यापायी तीन आठवडं पानी मारलंस, पाव्हण्या. ते आता कसं वढून टाकू?"